हिरवा, उजवीकडं

लेखी परीक्षेत पूर्वा जांभारकर जिल्ह्यात पहिली आली होती. खलाशी म्हणून केलेली नोकरी रीतसर नोंदवून झाली होती, पोहण्याचं आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र हातात होतं. सारंगाच्या परवान्यासाठी आता फक्त डोळ्यांची तपासणी आणि प्रत्यक्ष बोट चालवून दाखवणं राहिलं होतं. त्यातली डोळ्यांची तपासणी तिला इतकी किरकोळ वाटत होती, की दुपारच्या जेवणाला घरी येते असं ती आईला सांगून निघाली.

अंधाऱ्या खोलीत डॉ. नीलिमा कोठारे यांनी कंदिलासारखं एक छोटं यंत्र सुरू केलं. समोर मोहरीएवढे दोन ठिपके उजळले.

"रंग सांगा. वरचा आधी."

"हिरवा. खालचा लाल."

"आता?"

"पांढरा, लाल."

"आता?"

"लाल... दोन्ही लाल."

डॉक्टरांनी खोलीतला दिवा लावला. "मघाशी पांढरा म्हणालात तो हिरवा होता. आणि शेवटचे दोन्ही हिरवे होते. पुन्हा घेऊ या."

पुन्हा घेतली, तिसऱ्यांदाही घेतली. मग डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली.

"रंगांवरून तुम्हाला कधी कोणी हसलंय?"

"कॉलेजच्या गॅदरिंगला साडीवर भलताच ब्लाउज घालून गेले होते. पण मैत्रिणींना वाटलं, नवीन फॅशन असेल."

"तुम्ही रंगांध आहात, पूर्वा. बायकांमध्ये हे फार क्वचित सापडतं, म्हणून कोणाला शंका आली नसेल."

डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात, त्यांना शंकुपेशी म्हणतात, हे डॉक्टरांनी तिला कागदावर काढून दाखवलं. एक प्रकार निळ्यासाठी, एक हिरव्यासाठी, एक लालसाठी. यातल्या हिरव्याच्या पेशी कामच करत नसतील तर लाल आणि हिरवा एकमेकांत मिसळतात. माणूस मग उजेडावरून, जागेवरून, सवयीनं रंग सांगत राहतो आणि बरेचदा बरोबर सांगतो. या पेशींचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईजवळ एक्स दोन असतात. त्यातलं एक जरी धड असलं तरी भागतं.

"म्हणजे माझी दोन्ही बिघडलेली?"

"हो. एक आईकडून आलं. तिचं दुसरं चांगलं असणार, तिला सगळं नीट दिसत असेल. दुसरं वडिलांकडून आलं, आणि पुरुषाजवळ ते एकच असतं. म्हणजे तुमचे वडीलही रंगांध असणार. ते काय करतात?"

"सारंग आहेत," पूर्वा म्हणाली. "शिरसाडी खाडीत. प्रवासी बोटीवर."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या.

उपचार होता. डोळ्यात एक इंजेक्शन. त्यात निरुपद्रवी केलेला विषाणू, आणि त्याच्या पोटात हरवलेलं जनुक. विषाणू पेशींत शिरतो, जनुक तिथे ठेवतो, आणि काही महिन्यांत त्या पेशी हिरवा प्रकाश ओळखू लागतात. मोठ्या माणसाचा मेंदू हा नवा रंग शिकेल का, अशी शंका शास्त्रज्ञांना फार वर्षं होती. तो शिकतो, असं दिसून आलं होतं. दोन वर्षांपूर्वी उपचाराला मान्यता मिळाली, आणि गेल्या वर्षी जलवाहतूक मंडळानं बरे केलेले डोळे परवान्यासाठी चालतील असा नियम केला.

"पण त्याला एक अट आहे," डॉक्टर म्हणाल्या. "अर्जासोबत जनुकांचा अहवाल मंडळाकडे जातो. दोष आनुवंशिक असेल आणि घरात कोणी परवानाधारक असेल, तर त्याला फेरतपासणीची नोटीस निघते. तुम्ही अर्ज केला नाहीत तर हा कागद माझ्या कपाटाबाहेर जाणार नाही."

पूर्वा त्या दिवशी जेवायला घरी गेली नाही.

*

बोटी आता बॅटरीवर चालत होत्या आणि प्रत्येक सारंगासमोर पडदा होता. आसपासची जहाजं त्यावर नावानिशी दिसत. पण पडदा कधी बंद पडतो, आणि मासेमारीच्या लहान होड्या त्यावर येतच नाहीत. म्हणून कायद्यानं दिवे ठेवले होते: प्रत्येक बोटीच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. समोरच्या बोटीचा कोणता दिवा दिसतो यावरून ती कुठे निघाली आहे आणि वाट कोणी कोणाला द्यायची, ते ठरतं.

रघुवीर जांभारकर, म्हणजे रघू सारंग, यांच्या बोटीवर याबाबत एक शिस्त होती. संध्याकाळ झाली की खलाशी इस्माईल होडेकर बोटीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर उभा राही आणि दिसेल तो दिवा ओरडून सांगे. ही हाळी. "लाल, डावीकडं!" केबिनमधून रघू सारंग तेच शब्द परत उच्चारत. उच्चारल्याशिवाय सुकाणू हलत नसे. पुढे खाडीतल्या सगळ्या बोटींनी ही पद्धत उचलली. मंडळाच्या प्रशिक्षणातही तिचा धडा आला. पूर्वानं परीक्षेत त्यावर पानभर उत्तर लिहिलं होतं.

त्या संध्याकाळी ती नाळेवर इस्माईलच्या शेजारी जाऊन उभी राहिली. लांब, खाडीच्या मुखाशी एक मालवाहू बार्ज वळत होता.

"चाचा, तो दिवा कुठला?"

"लाल. का गो बाय?"

इस्माईल तोंड उघडणार तोच पूर्वानं हाळी दिली, "हिरवा, डावीकडं!"

"हिरवा, डावीकडं," केबिनमधून आवाज आला. त्या आवाजात जराही शंका नव्हती.

इस्माईलनं तिच्याकडे पाहिलं. "खेळ पुरे, बाय," तो हळू म्हणाला आणि मग छाती भरून ओरडला, "लाल! लाल, डावीकडं!"

"लाल, डावीकडं," केबिनमधून आवाज आला. थोड्या वेळानं, "कोण हाळी देतंय तिथं?"

धक्क्यावर प्रवासी उतरून गेले. पूर्वा केबिनच्या दारात उभी राहिली आणि डॉक्टरांनी सांगितलं ते तिनं जसंच्या तसं सांगितलं. रघू सारंग दोराची गुंडाळी करत होते. ती पुरी होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"शाळेपासून."

"मग डोळ्यांची तपासणी कशी पास झालात?"

"ठिपक्यांचं पुस्तक असतं. ठिपक्यांत आकडे लपलेले. माझ्या पुढं रांगेत चारजण होते. बारा, आठ, एकोणतीस, असं म्हणत गेले. मीही तेच म्हटलं. दर खेपेला पुस्तक तेच, पानं त्याच क्रमानं."

"आणि चाचा?"

"मला पहिल्या दिवशी कळलं," इस्माईल म्हणाला. "हाळीची पद्धत उगीच निघाली, वाटलं तुला?"

"मी तुमच्या शिस्तीवर निबंध लिहिलाय बाबा. दहापैकी दहा मिळाले."

इस्माईलला हसू फुटलं. रघू सारंग हसले नाहीत. नोटिशीचा नियम ऐकल्यावर ते एवढंच म्हणाले, "मग नको भरूस अर्ज," आणि धक्क्यावर उडी मारून घराकडे चालू लागले.

*

पूर्वानं अर्ज भरला नाही. आई सुगंधानं कारण विचारलं, तर डोळ्यांचं काहीतरी निघालंय म्हणाली. वडील आणि मुलगी एकाच बोटीवर जात, एकाच बोटीनं परत येत, आणि कामापुरतं बोलत. प्रवाशांमधल्या बायका विचारायच्या, "काय गो पूर्वा, कधी होतेस सारंग?" ती म्हणायची, "बघू."

घरी चहाच्या कपापलीकडे बापलेकींचं बोलणं जात नव्हतं. अर्ज न भरून आपण वडिलांवर मेहेरबानी करतो आहोत, हा विचार पूर्वाच्या मनात यायचा आणि तिला स्वतःचाच राग यायचा. रघू सारंगांना ती मेहेरबानी दिसत होती, आणि त्यांनाही तिचा रागच येत होता.

हे किती काळ चाललं असतं सांगता येत नाही. पण एका संध्याकाळी धुकं उतरलं आणि बोट भरलेली असताना नाळेवरून हाळी आलीच नाही. रघू सारंगांना समोर फक्त एक मळकट ठिपका दिसत होता. पडद्यावर काही नव्हतं. मग एकदम होडीवाल्याचा आरडाओरडा ऐकू आला, त्यांनी इंजिन उलटं फिरवलं आणि होडी हातभर अंतरावरून निघून गेली. तिच्यावरच्या माणसानं केलेला शिव्यांचा वर्षाव सगळ्या प्रवाशांनी ऐकला.

धक्क्याला लागल्यावर इस्माईल केबिनमध्ये आला आणि उभाच राहिला.

"झोपला होतास?" रघू सारंगांनी विचारलं.

"नाही. दिसलीच नाही. खरं सांगू रघू? पावसाळ्यापासून धूसर दिसतंय. डॉक्टर म्हणतो मोतीबिंदू. ऑपरेशन करतो म्हटलं दिवाळीनंतर."

रघू सारंगांनी इस्माईलकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं. बोटीवर तिघं होती आणि तिघांपैकी एकालाही दिसत नव्हतं.

"पूर्वा," ते म्हणाले, "उद्या मंडळाच्या ऑफिसात जायचंय. आपण दोघं."

*

परीक्षा अधिकारी कॅप्टन अर्नेस्ट डिमेलो वसईचे, बोलायला मोजके आणि वेळेला कडक. पूर्वानं अर्ज आणि अहवाल टेबलावर ठेवला. कॅप्टन वाचू लागले तसे रघू सारंग म्हणाले, "साहेब, नोटीस पाठवायचा त्रास घेऊ नका. मी आलोय. आधी माझे डोळे तपासा."

कंदिलाची तपासणी लगेच झाली. रघू सारंगांनी एकदाही अंदाज केला नाही. प्रत्येक खेपेला म्हणाले, "नाही सांगता येत."

कॅप्टन डिमेलो बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा तापलेला होता.

"माझी आई शिरसाडीला राहते. दर रविवारी तुमच्या बोटीनं चर्चला जाते. हे तुम्हाला माहीत आहे?"

"पुढच्या बाकावर बसतात त्या. माहीत आहे."

"आणि तरी?"

"तरी," रघू सारंग म्हणाले. "अपघात झाला नाही, हे मी सांगणार नाही. झाला नाही, पण काल होणार होता. इस्माईल होता म्हणून मी सारंग होतो. एका माणसाच्या डोळ्यांवर दोघांनी नोकरी केली."

कॅप्टननी परवान्याचं कार्ड हातात घेतलं आणि खणात टाकलं. रीतसर कारवाई होईल, कदाचित दंडही होईल, असं त्यांनी सांगितलं. रघू सारंगांनी मान हलवली.

"हिचा अर्ज अडवू नका, एवढंच."

"हिचा अर्ज हिच्या डोळ्यांवर चालेल. तुमच्या नाही," कॅप्टन म्हणाले.

बाहेर आल्यावर बापलेक बसस्टॉपवर येऊन उभी राहिली.

"बाबा, वाईट वाटतंय?"

"भूक लागलीय," रघू सारंग म्हणाले. "इथं मिसळ बरी मिळते म्हणतात."

*

इंजेक्शनानंतर पहिले काही आठवडे काहीच झालं नाही. बोटी चालवणाऱ्या सोसायटीनं बोटीवर शेजारच्या खाडीतला सारंग आणला, इस्माईलचं ऑपरेशन झालं, आणि पूर्वा खलाशाचं काम करत राहिली. डॉक्टरांनी तिला रोज रंगीत धाग्यांची रिळं वेगळी करायला सांगितली होती. रोज ती चुकत होती.

मग रंग आला. तो एकदम आला नाही. आधी भाजीच्या टोपलीत टोमॅटो उठून दिसू लागले. मग पिकलेल्या मिरच्या. आईच्या काचेच्या बांगड्या सगळ्या एकाच रंगाच्या नाहीत, हे तिला एका सकाळी कळलं आणि ती आईचा हात धरून बसली. सुगंधा म्हणाली, "सोड गो, भाकरी करपेल."

एका दुपारी पूर्वा धक्क्यावरून धावत घरी आली.

"बाबा! आपली बोट दोन रंगांची आहे!"

"काय?"

"तो पट्टा! मागच्या वर्षी आपण दोघांनी मारला तो. अर्ध्यापर्यंत लाल आहे आणि तिथून पुढं हिरवा आहे! डबा बदलला आपण!"

रघू सारंगांनी सुगंधाकडे पाहिलं. ती ओट्याशी पाठमोरी होती.

"तुला दिसत होतं ना?"

"दिसायला काय, अख्ख्या गावाला दिसतंय," सुगंधा म्हणाली. "दुरंगी म्हणतात तुमच्या बोटीला. मला वाटलं, बापलेकीची हौस आहे. मध्ये कशाला बोला?"

त्या हसण्यात तिघांची जेवणं थंड झाली. महिनोन्‌महिने त्या घरात असं कोणी हसलं नव्हतं.

रघू सारंगांनाही उपचार देऊ, असं डॉ. कोठाऱ्यांनी कळवलं होतं. ते नको म्हणाले. पूर्वानं आग्रह केला.

"लाल कसा असतो, मला सांगता येत नाही बाबा. तुम्ही बघायलाच हवा."

"साठीला आलो. खाडी ओळखतो तशीच राहू दे मला. तुझी आई मला जशी दिसते तशी पुरे आहे."

"म्हणजे कशी?" सुगंधानं विचारलं.

"जराशी मळकट."

तिनं उलथनं दाखवलं.

*

प्रत्यक्ष परीक्षा पुढच्या वर्षीच्या कार्तिकातल्या एका संध्याकाळी होती. कंदिलाची तपासणी पूर्वा सकाळीच पास झाली होती, पण कॅप्टन डिमेलो यांना तेवढ्यावर भागवायचं नव्हतं. बरे केलेले डोळे घेऊन सारंग होणारी जिल्ह्यातली ती पहिलीच होती.

"पडदा बंद," ते केबिनमध्ये शिरताच म्हणाले. "आणि नाळेवर कोणी नको. हाळी नाही."

इस्माईल मुकाट्यानं उतरून धक्क्यावर रघू सारंगांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. बोट सुटली. ओहोटी नुकतीच लागली होती, वरून भुरभुर पाऊस होता, आणि काचेवर पाण्याचे ओघळ उतरत होते. पूर्वानं वाट दाखवणाऱ्या तरंगत्या बोयांच्या मधून बोट नेली, वळवली, पाण्यात पडलेल्या माणसाच्या जागी टाकलेलं पिंप उचलून दाखवलं. कॅप्टन कागदावर खुणा करत होते.

परतताना खाडीच्या मुखाकडून एक बार्ज आत येऊ लागला. त्याचा परीक्षेशी संबंध नव्हता, तो आपल्या कामानं आला होता. पूर्वाला समोर, किंचित उजवीकडे, एकच दिवा दिसत होता.

"काय दिसतं?" कॅप्टननी विचारलं.

लाल असेल तर बार्ज तिची वाट कापत डावीकडे चालला होता, आणि मग वाट देणं तिचं काम होतं. सुकाणू उजवीकडे फिरवून त्याच्या मागून जायचं. हिरवा असेल तर बार्ज तिच्या उजव्या अंगानं सरळ निघून जाणार होता, आणि अशा वेळी उजवीकडे वळणं म्हणजे नेमकं त्याच्या तोंडात जाणं.

दिव्याची काच मळलेली होती. उजेड गढूळ होता. आणि पूर्वाचा जुना हिशेब, जन्मभराचा, सांगत होता की फिका तो हिरवा, गढूळ तो लाल. तिचा हात सुकाणूवर उजवीकडे वळायला लागला होता. तो तिनं थांबवला. उजेड किती आहे हा प्रश्नच नव्हता. तिनं फक्त रंगाकडे पाहिलं, जसं ती रोज धाग्यांच्या रिळांकडे पाहत होती.

"हिरवा," ती म्हणाली. "हिरवा, उजवीकडं."

"नक्की?"

दिवा जवळ येत होता. कॅप्टननी काचेवरची पुसणी चालवली नाही, तिनंही चालवली नाही.

"नक्की. सरळ जातेय. वेग कमी केलाय."

कॅप्टन डिमेलो यांचा हात इंजिनच्या दांड्यापाशी गेला आणि तिथेच राहिला. बार्जचं काळं अंग पावसातून मोठं होत आलं. मग त्याची लांब बाजू उजवीकडून सरकू लागली, तिच्यावरचा मळका हिरवा दिवा केबिनच्या काचेवरून गेला, आणि त्याच्या लाटेवर बोट दोनदा वरखाली झाली. बार्जच्या सारंगानं एक भोंगा दिला. पूर्वानं उलट भोंगा दिला.

कॅप्टननी हात मागे घेतला, रुमालानं पुसला आणि कागदावर खूण केली.

"मलाही शेवटपर्यंत खात्री नव्हती," ते म्हणाले. "काच फार मळली होती त्याची. त्याला पत्र लिहावं लागेल." मग थोडं थांबून, "धक्क्याला लावा, सारंग."

धक्का जवळ येईपर्यंत पूर्वानं डोळ्यांना हात लावला नाही. सुकाणू सोडता येत नव्हतं.

*

त्या हिवाळ्यात मंडळानं जिल्ह्यातल्या सगळ्या सारंगांची तपासणी नव्यानं केली. आणखी तिघे सापडले. दोघांनी इंजेक्शन घेतलं, एकानं मासळीचा धंदा धरला. हाळीची पद्धत मात्र मंडळानं बंद केली नाही. उलट ती सक्तीची केली, आणि नाळेवरच्या माणसाचे डोळेही दर वर्षी तपासायचा नियम केला. रघू सारंगांवरची कारवाई दंडावर मिटली.

पूर्वाचा परवाना आला त्यानंतरच्या रविवारी धक्क्यावर नेहमीपेक्षा गर्दी होती. पलीकडे काही काम नसलेली माणसंही बोटीत चढली. डिमेलोंची आई पुढच्या बाकावर बसली. सुगंधा तिच्या शेजारी बसली, नवी साडी नेसून. इस्माईल नाळेवर गेला, नव्या डोळ्यांनी इकडेतिकडे बघत.

रघू सारंग सर्वांत शेवटी चढले. जन्मभराच्या सवयीनं ते सरळ केबिनकडे गेले आणि दार उघडलं.

पूर्वा सुकाणूपाशी उभी होती. तिनं वळून पाहिलं.

"बाबा, मागे जाऊन बसा. प्रवाशांना केबिनमध्ये मनाई आहे."

रघू सारंग दारात उभे होते. मग त्यांनी दार हळूच लावून घेतलं, कडी बसली की नाही ते पाहिलं, आणि प्रवाशांकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "ऐकलंत? मला बाहेर काढलं!"

बोट सुटली. पलीकडचा धक्का येईपर्यंत ते बाकाबाकापाशी जाऊन हेच सांगत होते, आणि ज्यांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं त्यांनाही पुन्हा पहिल्यापासून सांगत होते.